उत्तरदायी शासन आणि शासनाचे वाक्य : महाराष्ट्रातील प्रशासन-सुधारणांचा ऐतिहासिक विचार

१

‘जबाबदारी’ हा शब्द मराठीत इतका रुळलेला आहे की त्याच्या घटकांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. अरबीतून फारसीच्या द्वारे आलेला ‘जवाब’ आणि ‘धारण करणारा’ ह्या अर्थाचा फारसी ‘दार’ ह्यांच्या योगाने तो सिद्ध झाला. ‘जाब विचारणे’ ह्या वाक्प्रचारातील ‘जाब’ हेही त्याच ‘जवाबा’चे रूप होय. ‘उत्तरदायित्व’ हा त्याचा संस्कृत घडणीचा पर्याय. दोन्ही शब्दांच्या मुळाशी कल्पना एकच आहे : ज्याच्याजवळ उत्तर आहे आणि जो ते देण्यास बांधलेला आहे, असा कोणी एक. परंतु उत्तर म्हटले की प्रश्न आला, आणि प्रश्न म्हटला की विचारणारा आला. उत्तर कोणी द्यावयाचे एवढेच शब्दात सांगितले आहे. ते कोणास द्यावयाचे, हे शब्द सांगत नाही. राज्यकारभाराच्या इतिहासात खरा वाद ह्या न सांगितलेल्या भागाविषयीच झालेला दिसतो.

कारभाराच्या दुसऱ्या गुणाची, म्हणजे कार्यक्षमतेची, गोष्ट थोडी निराळी आहे. ‘कार्यक्षमता’ हा शब्द अर्वाचीन. पण तिच्या अभावाचे शब्द जुने आहेत. ‘दिरंगाई’ फारसी ‘दिरंग’ म्हणजे विलंब ह्यावरून आली, आणि ‘मुदत’ अरबीतून. शासनाकडून होणारा विलंब आणि त्यास घालावयाची मर्यादा ह्या दोन्ही कल्पना मराठी दफ्तराला अपरिचित नव्हत्या, असे ह्यावरून म्हणता येते.

महाराष्ट्र राज्याच्या स्थापनेनंतर कारभार सुधारण्याचे जे प्रयत्न झाले त्यांचा विचार सामान्यतः राज्यशास्त्राच्या अंगाने होतो. प्रस्तुत लेखात तो लेखनव्यवहाराच्या अंगाने केला आहे. शासन जे करते ते लिहून करते. आदेश, नोंद, टिप्पणी, शेरा, परिपत्रक, दाखला ही त्याची कृत्ये प्रथमतः वाक्ये असतात. त्या वाक्यांत कर्ता कोण, काळ कोणता आणि कारण काय, हे तीन प्रश्न विचारले असता सुधारणांचा एक क्रम स्पष्ट होतो. मराठी दफ्तर दीर्घकाळ काटेकोर होते. पण त्याचे तोंड सत्तेकडे होते. ते प्रजेकडे, म्हणजे आता नागरिकाकडे, वळविणे हे गेल्या सहा दशकांतील सुधारणांचे मर्म आहे आणि ते काम अद्याप अर्धेच झाले आहे, असे ह्या विवेचनाचे प्रतिपाद्य आहे.

२

शिवकालात राज्यव्यवहाराच्या भाषेचा विचार जाणीवपूर्वक झाला. रघुनाथपंडिताच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या ‘राज्यव्यवहारकोशा’त फारसी-अरबी संज्ञांना संस्कृत पर्याय दिले असून त्याच्या दहा वर्गांपैकी एक स्वतंत्र वर्ग लेखनाचा आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मजमूदाराचा अमात्य झाला, सुरनिसाचा सचिव आणि डबीराचा सुमंत. पदांची नावे पुढे पुन्हा मिसळली. परंतु लेखनाची शिस्त टिकली. मराठी राजपत्र तयार झाल्यावर ते ताडून पाहिल्याची ‘रुजू’ ही खूण आणि नोंदवहीत दाखल झाल्याची ‘बार’ ही खूण त्यावर पडत असे. शासकीय कचेऱ्यांतील आवक-जावकेच्या कामास आजही ‘बारनिशी’ म्हणतात, ते ह्याच परंपरेतून.

पेशवाईत ही शिस्त अधिक विस्तृत झाली. पुण्याच्या हुजूर दफ्तरात चालते दफ्तर आणि एकबेरीज दफ्तर असे भाग होते; पहिल्यात चालू व्यवहार, दुसऱ्यात सर्व ठिकाणच्या हिशेबांचे एकत्र संकलन. जिल्ह्यात मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, चिटणीस इत्यादी दरकदार असत. त्यांस दूर करण्याचा अधिकार मामलेदारास नव्हता, आणि त्यांच्या नोंदीवाचून त्याचा व्यवहार पुरा होत नव्हता. खाली गावात कुलकर्ण्याचे आणि परगण्यात देशपांड्याचे दफ्तर होते. एकाच वसुलाची नोंद अशी तीन ठिकाणी निरनिराळ्या हातांनी होई, आणि एका कागदाने दुसऱ्याची झडती घेता येई. आधुनिक लेखापरीक्षणाचे तत्त्व ह्याहून फार निराळे नाही.

तथापि ह्या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची दिशा विसरता येत नाही. तिन्ही कागद हुजुरास उत्तर देण्यासाठी होते. आपल्याकडून किती घेतले आणि सरकारात किती पोचले, हे रयतेने दफ्तरास विचारावे अशी सोय त्यात नव्हती. हुजुरातील कारकुनांस पोचविल्या जाणाऱ्या रकमांना ‘अंतस्थ’ आणि ‘दरबारखर्च’ अशी रूढ नावे होती, आणि दरबारखर्च हिशेबातही धरला जाई. काटेकोर नोंद आणि अनाचार एकाच वहीत सुखाने नांदू शकतात, याचा ह्याहून स्पष्ट पुरावा नको. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात मामलती मक्त्याने, म्हणजे अधिक बोली करणाऱ्यास, देण्याची पद्धत पसरली. एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात ह्या मक्तेदारीने रयतेची झालेली दुर्दशा नमूद आहे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम हुजुरास भरली की त्याची जबाबदारी संपली. वरच्या दिशेने उत्तर पुरे झाले. खालच्या दिशेने उत्तराचा प्रश्नच नव्हता.

३

इंग्रजी अमलात दफ्तराची दिशा बदलली नाही. त्यात भाषेचा एक नवा पडदा मात्र आला. गावची नोंद मराठीत राहिली, तालुक्याचा व्यवहार बहुतांशी मराठीत झाला, परंतु नियम आणि अंतिम निर्णय इंग्रजीत होऊ लागले. ज्या नियमाने आपला निकाल लागतो तो नियमच वाचता येत नाही, अशी स्थिती बहुसंख्य लोकांची झाली. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन अधिकृत झाले, तेव्हा इनामाचा हक्क सिद्ध करण्याचा भार इनामदारावर पडला आणि कागद हीच एकमेव कसोटी ठरली. पेशव्यांचे दफ्तर ह्या निमित्ताने चाळले गेले, लावले गेले आणि जतनही झाले. इतिहासाच्या अभ्यासकांस त्याचा लाभ झाला हे खरे. पण व्यवहारात कागदाने सरकारास जाब विचारण्याऐवजी सरकारने कागदाच्या आधारे प्रजेस जाब विचारला.

ह्या परिस्थितीत १८९६ च्या दुष्काळात घडलेली घटना प्रशासनाच्या इतिहासात विशेष महत्त्वाची आहे. दुष्काळात सरकारी अधिकाऱ्यांनी काय करावे ह्याविषयी सरकारचेच नियम होते. साऱ्याची सूट वा तहकुबी कोणत्या स्थितीत द्यावी, कामे केव्हा काढावी, हे त्यांत सांगितलेले होते. टिळकांनी ‘केसरी’तून आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने आपल्या कार्यकर्त्यांमार्फत ह्या नियमांचा आशय मराठीतून खेड्यापाड्यांत पोचविला. नवा कायदा कोणी मागितला नव्हता; असलेला कायदा पाळा, एवढीच मागणी होती. तेवढ्यानेच सरकार अस्वस्थ झाले. सभेचे कार्यकर्ते प्राध्यापक अच्युत सीताराम साठे ह्यांच्यावर खटला झाला, आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. जो नियम इंग्रजीत असताना अधिकाऱ्यांना दिलेली सूचना होता, तोच मराठीत येताच शेतकऱ्याच्या तोंडचा प्रश्न बनला. नियमाच्या मजकुरात बदल झाला नव्हता. त्याचा वाचक बदलला होता.

संस्थानी मुलखात बडोद्याचे उदाहरण उलट दिशेचे आहे. सयाजीराव गायकवाड ह्यांनी लोकभाषेतून कारभार चालविण्याचा आग्रह धरला आणि १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेला ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा इंग्रजी शासनसंज्ञांना गुजराती, मराठी, संस्कृत इत्यादी भाषांतील पर्याय देणारा कोश ह्याच धोरणाचे फळ होय. राजाने दिलेल्या सुधारणेत प्रजेस जाब विचारण्याचा हक्क नव्हता. परंतु शासनाचे शब्द प्रजेस कळावेत हा विचार तीत होता, आणि पुढे महाराष्ट्रात झालेल्या कोशकार्यास तो पूर्वोदाहरण ठरला.

४

स्वातंत्र्यानंतर पहिली मोठी सुधारणा गावच्या दफ्तरात झाली. कुलकर्णी वतने नाहीशी करणारा १९५० चा मुंबई कायदा १९५१ च्या मे महिन्यात अमलात आला. वंशपरंपरेने चालत आलेले दफ्तर पगारी, बदलीस पात्र अशा तलाठ्याकडे गेले. वतनदाराची जबाबदारी त्याच्या घराण्याशी बांधलेली होती, तलाठ्याची त्याच्या पदाशी बांधली गेली. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन करण्याचा हक्क प्रत्येकास दिला. प्रश्न विचारण्याची भाषा येथे प्रथमच हक्काच्या पातळीवर आली.

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले, आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात भाषा संचालनालय निघाले. १९६२ मध्ये ‘पदनाम कोश’ प्रसिद्ध झाला. त्यातील काही नावांची वृत्तपत्रांतून थट्टा झाली. तथापि ‘जिल्हाधिकारी’, ‘संचालक’, ‘आयुक्त’ ही नावे आज कोणास नवी वाटत नाहीत, हेही तितकेच खरे. १९६४ चा राजभाषा अधिनियम २६ जानेवारी १९६५ पासून अमलात आला, आणि १९६६ च्या मे महिन्यापासून वर्जित प्रयोजने सोडून मराठी ही शासनव्यवहाराची भाषा झाली. १९७३ मध्ये ‘शासन व्यवहार कोश’ निघाला. दरम्यान वसंतराव नाईक समितीच्या १९६१ मधील शिफारशींवरून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या ह्यांचा अधिनियम झाला, आणि १ मे १९६२ पासून जिल्ह्याच्या विकासकार्याचा मोठा भाग निर्वाचित संस्थांकडे सोपविला गेला. निर्णय लोकांच्या जवळ आणणे आणि निर्णयाची भाषा लोकांची करणे, ही दोन कार्ये एकाच काळात व्हावीत हा केवळ योगायोग नव्हे; राज्याच्या मागणीमागे असलेल्या आकांक्षेच्या त्या दोन बाजू होत्या.

परंतु शब्द बदलले तरी वाक्य बदलतेच असे नाही. मराठी राजपत्रातील आज्ञा सामान्यतः कोणा एकास उद्देशून असे. ‘तुम्ही अमुक करणे’ अशी तिची घडण होती, आणि ‘जाणिजे’ ह्या समाप्तिदर्शक पदाने तिचा रोख पुन्हा त्याच व्यक्तीकडे वळे. काम कोणाचे, हे वाक्यातच बसलेले होते. नव्या शासकीय मराठीत मात्र ‘निर्णय घेण्यात आला आहे’, ‘कळविण्यात येते की’, ‘आवश्यक ती कार्यवाही करण्यात येईल’ ही रचना सर्वत्र पसरली. ही रचना मराठीस परकी नाही, किंवा ती स्वभावतः दोषास्पदही नाही. राज्याचे धोरण जाहीर करताना व्यक्ती गौण असते, आणि तेथे अकर्तृक वाक्य शोभते. दोष उत्पन्न होतो तो हे वाक्य अर्जदारास उत्तर म्हणून दिले जाते तेव्हा. ‘आपल्या अर्जावर उचित कार्यवाही करण्यात येईल’ ह्या वाक्यात कार्यवाही कोण करणार, केव्हा करणार आणि उचित म्हणजे काय, ह्यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर नाही. आणि तरीही व्याकरणदृष्ट्या वाक्य निर्दोष आहे. हे वाक्य हातात घेऊन जाब विचारावयास जाणाऱ्याला दार कोणते ठोठवावे हेच कळत नाही.

मंत्रालयातील नस्तीचा प्रवास ह्या वाक्याशी सुसंगत होता. सहायकाची टिप्पणी, तिच्यावर कक्ष अधिकाऱ्याचा शेरा, पुढे अवर सचिव, उप सचिव, सचिव आणि प्रसंगी मंत्री. बहुधा तोच मार्ग परत. प्रत्येक पायरीवर स्वाक्षरी होती. म्हणून अंतर्गत दृष्टीने प्रत्येकाचे उत्तर नोंदलेले होते. परंतु बाहेर येणारे पत्र एकच असे आणि त्यात ह्यांपैकी कोणीही दिसत नसे. एकबेरीज दफ्तराप्रमाणेच हे दफ्तरही आतून काटेकोर आणि बाहेरून मुके होते.

५

ह्या मुकेपणावर पहिला इलाज झाला तो गाऱ्हाणी ऐकणाऱ्या स्वतंत्र अधिकाऱ्याच्या रूपाने. १९६६ मध्ये नेमलेल्या केंद्रीय प्रशासन सुधारणा आयोगाने आपल्या अंतरिम अहवालात लोकपाल आणि लोकायुक्त ह्या संस्थांची शिफारस केली. महाराष्ट्राने १९७१ मध्ये त्याविषयी अधिनियम केला आणि १९७२ मध्ये लोकायुक्ताची संस्था प्रत्यक्ष सुरू केली. देशात ती सुरू करणारे हे पहिले राज्य. नागरिकाच्या वतीने प्रश्न विचारणारा कोणी तरी आता व्यवस्थेतच होता. मात्र त्याच्या निष्कर्षांचे स्वरूप शिफारशीचे राहिले. प्रश्न विचारता येई. उत्तर बंधनकारक करता येत नसे.

दुसरा इलाज कचेरीच्या आतून आला. १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अहमदनगरचे (२०२३-२४ मध्ये ज्याचे नामांतर अहिल्यानगर झाले त्या जिल्ह्याचे) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना ह्यांनी आपल्या कचेरीतील दफ्तराची फेरमांडणी केली. तिचे वैशिष्ट्य असे की तीत नवा अधिकार, नवा निधी किंवा नवा कायदा नव्हता. कागदांची वर्गवारी होती. प्रत्येक कारकुनाने आपल्या मेजावरील कागद सहा गठ्ठ्यांत लावावयाचे : चालू प्रकरणे, उत्तराच्या प्रतीक्षेतील प्रकरणे, नियतकालिक विवरणे, स्थायी आदेश, अभिलेखकक्षाकडे पाठवावयाची प्रकरणे आणि नष्ट करावयाचे कागद. अभिलेखकक्षातील रुमालांची छाननी होऊन कायम जतन करावयाच्या ‘अ’ वर्गापासून अल्पकाळात नष्ट करावयाच्या ‘ड’ वर्गापर्यंत त्यांची विभागणी झाली. ‘कागद सापडत नाही’ ही सबब अशा मांडणीपुढे फार काळ टिकत नाही. ही पद्धत पुढे राज्यातील इतर कचेऱ्यांतही स्वीकारण्यात आली. कार्यक्षमता आणि उत्तरदायित्व ह्यांचा संबंध ह्या प्रयोगाने फार साध्या रीतीने दाखवून दिला : जो कागद शोधता येत नाही त्याविषयी उत्तर देता येत नाही, आणि ज्याचे उत्तर द्यावयाचे नाही तो शोधला जात नाही.

२१ जून २०१२ रोजी मंत्रालयास लागलेल्या आगीत मनुष्यहानी झाली आणि अनेक विभागांच्या नस्त्या भस्मसात झाल्या. त्यानंतर नस्त्यांच्या संगणकीय जतनास वेग आला. दफ्तराचे रक्षण ही अभिलेखपालाची गौण चिंता नसून लोकांच्या हक्कांचा तो आधार आहे, हा धडा त्या दिवशी फार मोठी किंमत देऊन मिळाला.

६

खरे वळण आले ते माहितीच्या अधिकाराने. तामिळनाडू आणि गोवा ह्या राज्यांनी १९९७ मध्ये ह्याविषयी कायदे केले होते. महाराष्ट्राचा २००० चा पहिला कायदा दुबळा ठरला. अण्णा हजारे ह्यांच्या आंदोलनाचा आणि जनमताचा रेटा वाढल्यावर २३ सप्टेंबर २००२ रोजी अध्यादेश निघाला, आणि त्याचे पुढे अधिनियमात रूपांतर झाले. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा माहितीचा अधिकार अधिनियम पूर्णतः अमलात आला व त्याने राज्याच्या कायद्याची जागा घेतली.

ह्या कायद्याची भाषिक बाजू लक्षणीय आहे. त्याने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणात जन माहिती अधिकारी नेमणे आवश्यक केले. म्हणजे वाक्याला कर्ता दिला. त्याने तीस दिवसांची मुदत घातली. म्हणजे क्रियापदाला काळ दिला. विलंबाबद्दल दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपये, अशी शास्ती त्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः बसविली. म्हणजे कर्ता नाममात्र राहू दिला नाही. त्याच्या चौथ्या कलमाने अभिलेखांची सूची ठेवण्याचे आणि निर्णयाने बाधित होणाऱ्यास कारणे कळविण्याचे कर्तव्य सांगितले. कर्ता, काळ आणि कारण ह्या तिन्हींची मागणी एकाच कायद्यात एकत्र आली, आणि ती करण्याचा हक्क कोणाही नागरिकास मिळाला. हुजुराने विचारावयाचा प्रश्न विचारण्याची मुभा रयतेस मिळण्यास पेशवाईच्या अस्तानंतर १८७ वर्षे जावी लागली.

त्याच सुमारास राज्याने विलंबाविरुद्ध स्वतःचा कायदा केला. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कर्तव्ये पार पाडताना होणाऱ्या विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम १ जुलै २००६ पासून अमलात आला. एका पदावरील सामान्य कार्यकाल तीन वर्षांचा ठरविला गेला, आणि बदल्या सामान्यतः एप्रिल-मे ह्या काळातच कराव्यात असे ठरले. मर्जीनुसार होणाऱ्या बदलीने कर्ताच वाक्यातून उचलला जातो. म्हणून बदलीचे नियमन आणि विलंबाचे नियमन एका कायद्यात असणे युक्तच होते. कोणतीही नस्ती एका कर्मचाऱ्याकडे सात कार्यदिनांपेक्षा अधिक काळ राहू नये. अन्य विभागाकडे पाठविणे आवश्यक नसेल तर निर्णय पंचेचाळीस दिवसांत आणि आवश्यक असेल तर तीन महिन्यांत व्हावा. निर्णयासाठी नस्ती सामान्यतः तीनहून अधिक स्तरांवर जाऊ नये. आणि प्रत्येक कार्यालयाने नागरिकांची सनद प्रसिद्ध करावी, असे त्यात सांगितले.

ह्या क्रमातील पुढचा टप्पा म्हणजे २८ एप्रिल २०१५ पासून अमलात आलेला लोकसेवा हक्क अधिनियम. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये अशा कायद्याचा पायंडा पाडला होता. प्रत्येक अधिसूचित सेवेसाठी पदनिर्देशित अधिकारी, मुदत आणि दोन अपिली अधिकारी ह्यांची यादी प्रसिद्ध करणे आता बंधनकारक झाले. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत शास्ती ठेविली गेली, आणि वर राज्य सेवा हक्क आयोग आला. माहितीच्या अधिकाराने ‘का झाले नाही’ हे विचारता येत होते. ह्या कायद्याने ‘करून द्या’ असे म्हणता येऊ लागले.

७

ह्या साऱ्याची कसोटी गावच्या दफ्तरात लागते. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसांची नावे सातबाऱ्यावर लागावयाची असतात. १९६६ च्या जमीन महसूल अधिनियमाप्रमाणे तलाठ्याने फेरफार नोंदवावयाचा, हितसंबंधितांस नोटीस द्यावयाची, हरकतीस पंधरा दिवसांची मुदत ठेवावयाची, आणि मग मंडळ अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित करावयाची. रीत सुबोध आहे. परंतु विधवेचे नाव लागले नाही तर तिला पीककर्ज मिळत नाही, नुकसानभरपाई मिळत नाही, आणि कित्येकदा घरातल्या घरात तिचा हक्कही नाकारला जातो. तिच्या दृष्टीने उत्तरदायी शासन म्हणजे एक ओळ, एक तारीख आणि एक सही. २०१८ पासून संगणकीय स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळू लागला, ही सुधारणा मोठी आहे. पण उतारा त्वरित मिळणे आणि त्यातील नोंद वेळेवर होणे ह्या भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे यांत्रिकीकरण होते, दुसरीसाठी कोणास तरी निर्णय घ्यावा लागतो.

ह्याच ठिकाणी कालमर्यादेच्या कायद्यांची उणीव दिसते. मुदत मोजली जाते ती सर्व कागदपत्रांसह परिपूर्ण अर्ज दाखल झाल्यापासून. अर्ज परिपूर्ण आहे की नाही हे ठरविणारा अधिकारी बहुधा तोच असतो ज्याच्यावर मुदत बंधनकारक आहे. एक ‘त्रुटी’ दाखविली की दिवसांची गणना पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ शकते. सर्व त्रुटी एकदम न सांगता एकेक करून सांगितल्या तर मुदत कागदावर न मोडताही काम वर्षभर लांबविता येते. तसेच नामंजुरी हाही आकडेवारीत निपटाराच असतो. ‘नियमात बसत नाही’ ह्या तीन शब्दांनी प्रकरण निकाली निघते. कोणता नियम आणि का बसत नाही, हे सांगितले नाही तर अपील करणाऱ्याच्या हाती काही उरत नाही. काळाचे बंधन कायद्याने घातले, कर्त्याचे नाव फलकावर लागले. कारणाचे लेखन मात्र अद्याप जुन्याच वळणाचे राहिले आहे.

ह्यावर इलाज आहेत आणि ते दुर्लभ नाहीत. त्रुटी एकदाच, लेखी आणि ठरावीक दिवसांत दाखवाव्यात. त्यानंतर नव्या त्रुटीस वाव नसावा. नामंजुरीच्या पत्रात नियमाचा क्रमांक, त्याचा आशय आणि अर्जातील नेमकी कमतरता सांगितल्यावाचून ते पत्र निपटाऱ्यात मोजू नये. उत्तरात निर्णय घेणाऱ्याचे पदनाम कर्ता म्हणून यावे. शासकीय मराठीचा विचार आजवर मुख्यत्वे शब्दांच्या पर्यायांपुरता झाला. कोशकार्य आवश्यक होते, आणि ते करणाऱ्यांचे ऋण मोठे आहे. परंतु ‘संचिका’ म्हणावे की ‘नस्ती’, ह्या वादात जेवढी शक्ती खर्च झाली तिचा काही अंश वाक्यरचनेकडे वळला असता, तर मराठीतून दिलेले शासनाचे उत्तर केवळ मराठी न राहता खरोखरीच उत्तरही झाले असते.

१८९६ मध्ये सरकारचे नियम मराठीत सांगितले गेले तेव्हा शेतकऱ्यास प्रश्न मिळाला. २००५ मध्ये त्याला तो विचारण्याचा हक्क मिळाला, आणि २०१५ मध्ये सेवेची मुदत मिळाली. ज्यात कर्ता आहे, तारीख आहे आणि कारण आहे असे उत्तर त्याच्या हाती पडणे, हा ह्या क्रमातील राहिलेला टप्पा होय. त्यासाठी नव्या कायद्याची तितकी गरज नाही, जितकी कचेरीतील लेखणीला नवे वळण लावण्याची आहे.